धक्का

बाबा बेचाळीसचे होते.
रायबंदर ते चोडण फेरीबोटीवर खलाशी.
दोराचा फास खुंटावर टाकायचा, फळी खाली सोडायची,
"आधी मोटारसायकली" म्हणून ओरडायचं.
त्या दिवशी दोर हातातच राहिला.
डॉक्टर म्हणाले, धक्का.
मी सात वर्षांची. मनात म्हटलं,
हो, धक्क्यावरच तर होते.

पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यांत त्यांच्या
दोन पिवळे ठिपके, तुरीच्या डाळीएवढे.
शेजारची शेवंती म्हणायची, सोनं चिकटलंय, भाग्याची खूण.
टाचेमागची शीर जाड, दोरासारखी.
उभं राहून राहून झाली असेल, असं आम्हीच ठरवलं.

मग गावाने निवाडा केला: नारळ.
हुमणातला नारळ, खतखत्यातला नारळ,
आणि नारळ खवत कोण होतं?
आईने आदोळी माळ्यावर टाकली.
चौतीस वर्षं आमच्या घरी
बांगडे नुसत्या तिखट पाण्यात उकळले
आणि तिने त्याला हुमण म्हटलं.
चवथीच्या नेवऱ्यांतही चण्याची डाळ.

यंदा बांबोळीला
डॉक्टर कुलासोबाईंनी माझ्या डोळ्यांत उजेड मारला,
मग खाली वाकून, पाया पडावं तशा,
टाचेमागची शीर चिमटीत धरली.
"घरात लवकर कोण गेलं?"

माझं एलडीएल दोनशे अडुसष्ट.
धाकट्या प्रेमानंदचं ब्याण्णव,
जो पाकीटभर सिगारेट ओढतो, आयतारी सोरपोतेल खातो.
मी पहाटे बांधावरून चार किलोमीटर चालते.
एकच आई, एकच बाप,
एकच ते पातळ हुमण.

बाई म्हणाल्या, यकृताच्या पेशींवर दारं असतात,
रक्तातली चरबी आत ओढून घेणारी. तुमच्यात निम्मीच चालतात.
मी त्यांच्याच कागदावर काढून दाखवलं:
दोन बोटी. एक जन्मापासून नांगरलेली.
गर्दी इतरांइतकीच, पण नेणारी एकटी.
उरलेले धक्क्यावर बसून राहतात
आपापल्या पिशव्या, पाटल्या, स्कुटरी घेऊन,
वीस वर्षं, तीस वर्षं,
बसता बसता त्यांची भिंत होते.
"हा कागद मी ठेवू?" बाईंनी विचारलं.

एवढ्या थोरल्या पोथीत एक अक्षर चुकलेलं.
प्रत करणाऱ्या कुणाचा तरी हात हलला,
पुढच्यांनी ते तसंच इमानाने उतरवलं.
आजोबा मिठागरात कोसळले होते, एकूणचाळीसचे.
तो दोष उन्हाला गेला होता.

संध्याकाळी आई खवले काढत होती.
"आई, नारळ नव्हता."
सुरी थांबली नाही. "मग?"
"रक्तातच होतं. वरून आलेलं."
"तुला?"
"आहे."
"आणि मुग्धाला?"
"छापा की काटा. शुक्रवारी कळेल."

मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल.
तिने हात धुतले, पदराला पुसले,
पुन्हा धुतले.
"माझ्या हातून झालं म्हणजे
निदान माझ्या हातात तरी होतं गो," म्हणाली.
आदोळी काढ, असं काही म्हणाली नाही.

रात्री एक गुलाबी गोळी.
ती नांगरलेली बोट सोडवत नाही,
चालतीच्याच फेऱ्या वाढवते.
तेवढंही बाबांना पुरलं असतं का, हा हिशेब
मी रोज पाण्याबरोबर गिळते.
निजलेल्या मुग्धाच्या पापण्या तपासते. स्वच्छ.
या वयात स्वच्छ असण्याला काही अर्थ नाही,
हेही आता मला ठाऊक आहे.

शुक्रवारची पहिली बोट.
मुग्धा उपाशी, म्हणून रुसलेली.
खलाशी नवा पोरगा, काटकुळा, पंचविशीचा असेल,
फास एका फेकीत खुंटावर बसवला त्याने.
उतरताना सगळे पायाखाली बघत होते.
मी त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत बघितलं.